खारघरच्या सोंडेवरची फिल्म: रफ कट झाला, हलगी बसली

आमच्या माउंटन बाइकिंगच्या छोट्या फिल्मचा रफ कट (पहिलं कच्चं संकलन) झाला एकदाचा. दोन मिनिटं चाळीस सेकंद. शूटिंग सगळं उन्हाळ्यातलं, डोंगर पिवळा पडलेला असतानाचं. पाऊस लागला की पांडवकडा धबधब्याच्या बाजूला पोलीस कुणाला फिरकू देत नाहीत, त्यामुळे सध्या सायकली गॅलरीत आणि आम्ही लॅपटॉपसमोर. या खेपेला चित्रापेक्षा आवाजावरच जास्त घासलं, म्हणून ही नोंदही आवाजाचीच.

आधी मूळ दुखणं सांगतो. चाफेवाडी-फणसवाडीकडे जो डांबरी रस्ता चढतो, त्याच्या वरच्या अंगाला एक सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार, आहे. गुरांची वाट, मुरूम, मध्ये मध्ये सुटा घसारा. तिच्या तोंडावर सायकल उभी केली की पोटात गोळा येतोच. फुटेज आईला दाखवलं तर म्हणाली, "सपाटीवर एवढा का रे वाकून चालवतोस?"

छातीवर कॅमेरा बांधणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. कॅमेरा उताराकडेच तोंड करून असतो, क्षितिज फ्रेमच्या बाहेर, आणि वाइड लेन्स जवळचं मोठं करून लांबचं चिमुकलं करते. उतार किती हे डोळ्याला कळायला काहीतरी सरळ उभं दिसावं लागतं. म्हणून निम्मे शॉट बाजूने, लांब लेन्सने आणि विजेचा खांब फ्रेममध्ये ठेवून घेतले. तेवढ्याने फरक पडला, पण अर्धाच. उरलेला उतार कानांनीच चढवावा लागतो, असं आता माझं ठाम मत झालंय. चांगल्या माउंटन बाइकिंग फिल्म्स आपण पुन्हा पुन्हा बघतो त्याचं कारणही मला तेच वाटतं. कसरती दुसऱ्यांदा बघताना माहीत झालेल्या असतात. पोटातला गोळा मात्र दर वेळी येतो, आणि तो संगीत आणतं.

२०१५च्या 'अनरियल' या माउंटन बाइकिंग फिल्ममधला सायकलस्वार ब्रँडन सेमेनुकचा तुकडा बहुतेकांनी पाहिला असेल. कॅलिफोर्नियातल्या टेकडीवर अख्खी रन एका सलग शॉटमध्ये, ट्रेलला समांतर धावणाऱ्या ट्रकवर कॅमेरा. त्यात एकही कट नाही. म्हणजे एडिटरला ठोक्यावर कापून जोश आणायची सोयच नाही. लय सायकलस्वाराच्या अंगातूनच यायला हवी. हा तुकडा आवाज बंद करून एकदा बघा आणि मग आवाज लावून. तेवढ्यात बरंच शिकायला मिळतं.

दुसरं उदाहरण २०१४च्या 'द रिज'चं. तिचा स्टंट सायकलस्वार डॅनी मॅकॅस्किल मूळचा स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा, आणि फिल्म त्याच बेटावरच्या कुलिन डोंगरांच्या धारेवरची. संगीत संगीतकार मार्टिन बेनेटच्या २००३च्या 'ग्रिट' या अल्बममधलं: जुन्या स्कॉटिश लोकगायिकेचा आवाज आणि त्याखाली आजचे बीट्स. दगड तिथला, पोरगा तिथला, गळाही स्कॉटलंडचाच. तिथे कुठलाही तयार रॉक ट्रॅक टाकला असता तरी स्टंट तेवढेच भारी दिसले असते, पण डोंगर कुठलाही चालला असता.

आमच्या कटवर असा तयार रॉक ट्रॅक ठेवून पाहिला. प्रत्येक उडी बरोबर समेवर पडत होती आणि सगळं लग्नाच्या हायलाइट व्हिडिओसारखं दिसत होतं. काढून टाकला. शिवाय दुसऱ्याचं गाणं लावलं की कॉपीराइटची कटकट आलीच.

मग कोपरखैरण्याचा मामेभाऊ आठवला. मामा एपीएमसी बाजारात माथाडी होते, गाव सातारकडचं, घरात हलगी आहे आणि भाऊ ती जत्रेत वाजवतो. रेकॉर्डिंग त्यांच्याच घरी, दाराला गोधडी टांगून. पावसाळी हवेत कातडं पार सैल पडलेलं, नुसता भद्द आवाज. मामा आतून ओरडले, "आरं, आधी तापव तिला!" गॅसवर फिरवून फिरवून तापवली. मामी कुकर लावायचा म्हणून खोळंबलेली, तिचा त्रागा रेकॉर्डिंगमध्ये आलाय. पण तापल्यावर जो कडक आवाज निघाला, तो सुक्या मुरमावर टायर सुटल्यासारखाच कोरडा होता. दोन-तीन वाजवण्यांनंतर कातडं उतरायचं, की पुन्हा गॅस. मी त्याला ठेका सांगायला गेलो तर म्हणाला, "दादा, ठेका माझा मी बघतो. तू फक्त सायकल कुठं सुटणार ते सांग."

आता खरी गंमत फ्रीहबची, म्हणजे पॅडल थांबलं तरी मागचं चाक फिरू देणाऱ्या यंत्रणेची. पॅडल थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक येते, ती वेगाबरोबर वाढते, म्हणजे कानाला वेग ऐकू येतो. माझा हब चोवीस पॉइंटचा, म्हणजे चाकाच्या एका फेरीला चोवीस ठोके, आणि चाक २९ इंची. ताशी ५ किमीला सेकंदाला चौदा-पंधरा ठोके पडतात. २० किमीला जवळपास साठ, आणि तिथे ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत, सलग घरघर होते. भाऊ दोन्ही काड्या जोरात चालवतो तेव्हा हलगीची कडकड साधारण त्या चौदा-पंधराच्या आसपास जाते. म्हणून सोंडेच्या तोंडावर, चाक पुढे कलतं त्या क्षणी, हलगी आणि फ्रीहब एकावर एक ठेवले. दोन सेकंद दोन्हीतलं काय कुठलं ते कळत नाही. मग हलगी एकदम बंद, आणि फक्त फ्रीहब घरघरीत शिरतो. त्या जागी संगीत नाहीच. खाली कातळावर चाक टेकलं की हलगी परत येते, तीही समेच्या किंचित मागून. समेवर ठेवली तर पुन्हा तो लग्नाचा व्हिडिओ होतो.

आईला हा कट दाखवला. ती काही बोलली नाही, पण उताराच्या जागी खुर्चीचा हात धरला. मला तेवढं पुरे.

राहिलेलं काम: वाऱ्याचा आवाज. माइकवर फरची टोपी होती तरी खाडीकडून येणारा वारा दुपारनंतर सगळं खातो, त्यामुळे त्या वेळच्या शॉट्सचा मूळ आवाज वापरण्याजोगा नाही. ते टायरचे आवाज पुन्हा करावे लागतील, परातीत मुरूम घेऊन जुना टायर त्यावर दाबत. ड्रोनचं अनेकांनी विचारलं होतं: विमानतळ इतका जवळ आल्यावर तो विषयच डोक्यातून काढलाय, आणि खरं सांगायचं तर वरून घेतलेल्या शॉटमध्ये उतार आणखीच चपटा होतो. रंगांना अजून हात लावलेला नाही. पिवळं गवत जरा जास्तच केशरी दिसतंय.

ऐरोली-घणसोली पट्ट्यात कुणाकडे चांगला हँड रेकॉर्डर असेल तर एका रविवारसाठी हवाय. संबळ वाजवणारा कुणी ओळखीचा असेल तर तेही कळवा, चढाच्या भागाला हलगी फार घाई करते.