टेबलावरची खांदेपालट

हवेतला दमटपणा वाढला, की माझ्या घरातल्या स्टुडिओत जलरंगांची सद्दी संपते. स्टुडिओ म्हणजे काय, खिडकीजवळचं एक टेबल आणि घरच्यांनी चालवून घेतलेला पसारा. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, टाकून बसावं, तर तो वाळायचं नाव घेत नाही. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागदही ओल ओढून घेतो. त्यात चांगल्या कागदाला बऱ्याचदा जिलेटिनचा लेप असतो, आणि बुरशीला तो फार प्रिय! म्हणून कोऱ्या कागदांची चळत कपाटात जाते आणि लिनो (कोरून, शाई लावून ठसा छापायचा लिनोलियमचा तुकडा), कोरण्या, रोलर बाहेर येतात.

लिनोला ऊब मानवते. थंडीत तो कडक होतो, कोरणी घसरते, बोटं सांभाळावी लागतात. उबेत मात्र त्याची कातरण सलग, वेटोळं घेत सुटते. ती बघायला मिळावी म्हणून मी कधीकधी गरजेपेक्षा जास्तच कोरतो.

सामान हलवायला वेळ लागत नाही, डोकं मात्र मागच्याच माध्यमात रेंगाळतं. त्याला कारण पांढरा रंग. जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद. ते सुरुवातीपासून राखायचं. लिनोत जे कोरून काढाल ते पांढरं, आणि छापल्यावर डावं-उजवं उलटं. तैलरंगात पांढरं ट्यूबमधून येतं, तेही बहुधा शेवटी. त्यामुळे माध्यम बदललं की पहिले काही दिवस हात भलत्याच जागी उजेड राखत बसतो. या गोंधळात काढलेली स्केचेस मात्र माझी सगळ्यात मोकळी असतात, का कोण जाणे.

गंमत म्हणजे लिनो आणि तैलरंग, दोघांच्याही मुळाशी सहसा जवसाचं तेलच. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. थंडीत हे काम आणखी संथ. अंबर हा तपकिरी रंग त्यातल्या त्यात लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक हा काळा चिकटच राहतो. मला हा संथपणा सोयीचा वाटतो. काल रंगवलेल्या गालावर आज पुन्हा ब्रश फिरवता येतो.

पंचाईत होते ती वॉर्निशची. पारंपरिक वॉर्निश लावायला चित्र निदान सहा महिने वाळू द्यावं लागतं. थंडीतलं चित्र त्या लायक होतं तोवर हवा पुन्हा दमट झालेली असते, आणि दमट हवेत वॉर्निशवर पांढुरकी झाक येते. हे पांढरं कुठल्याच माध्यमात नको असतं. मग चित्र कपाटावर, पुढच्या कोरड्या दिवसांपर्यंत.