येळवशीची भज्जी: यंदाच्या हंगामाची नोंद

मंडळी, भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे, हे लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांना दरवर्षी सांगावं लागतं. ही मार्गशीर्ष अमावस्येची, म्हणजे वेळ अमावस्येची (आमच्या बोलीत येळवस) पातळसर, आंबट, पालेभाज्या नि ओल्या दाण्यांची भज्जी. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, बाजारपेठेत शुकशुकाट असतो आणि अख्खं शहर कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवत असतं. मी पुण्यात अडकलेली, त्यामुळे रान नाही तर निदान चव तरी, म्हणून हा खटाटोप चालू आहे.

यंदा सगळं लक्ष आंबटपणावर. भज्जीत आंबट येतं तीन वाटांनी: चुका (आंबट पालेभाजी), चिंच आणि ताक. नुसत्या चिंचेची भज्जी आमटीकडे झुकते, नुसत्या ताकाची कढीकडे. चुका मुख्य ठेवून ताक बेताचं आणि चिंच जेमतेम बोटभर, हे प्रमाण आता घरात सगळ्यांना पटलंय. सहा माणसांना तुरीचे ओले दाणे दोन वाट्या, सोलाणा (सोललेला हिरवा हरभरा) दीड वाटी, वाटाणा एक वाटी, मूठभर शेंगदाणे. चुका, मेथी, चाकवत, पालक आणि कांद्याची पात मिळून मोठं पातेलं भरेल इतकी. गाजर असेल तर घालावं. कुणी बोरंही घालतात, मला आवडतात.

क्रम महत्त्वाचा. दाणे आधी साध्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवायचे, मगच चुका आणि चिंच. आंबटात दाणे मऊ व्हायला फार वेळ घेतात, मग कितीही उकळा, तूर दाताखाली टचटचत राहते. भाज्या वेगळ्या शिजवून रवीने हलक्या घोटायच्या, पार लगदा नको. शेवटी ताकात कालवलेलं बेसन धार धरून सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. आत्याला फोनवर विचारलं, बेसन किती? ती म्हणाली, "आगं, पळीवरून वघळलं पाहिजे. लई घातलंस की पिठलं व्हतंय." वाटी-चमच्याच्या मापापेक्षा ही खूण बरी. माझ्या पातेल्याला चार मोठे चमचे पुरले. फोडणी करडईच्या तेलात, लसूण सढळ, मिरची हिरवीच.

आता आंबटच का, यावर माझा एक तर्क आहे. त्या सुमारास ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, म्हणजे कणीस अजून पोटात असतं, हरभऱ्याला घाटे धरत असतात. कर्नाटकात बिदर-कलबुर्गीकडे याच अमावस्येला रानात चरग, म्हणजे नैवेद्याचं अन्न, शिंपडतात, आणि तिकडे सरळ सांगतात की ही भरल्या पोटाच्या भूमातेची ओटी आहे. आपल्याकडेही काळ्या आईची ओटी भरतात, आंबिलीचा, म्हणजे ज्वारी-ताकाच्या आंबवलेल्या पेयाचा, चर रानभर शिंपतात. मग गर्भारशीचे डोहाळे आंबटाचेच असायचे! पोथीत आधार शोधू नका, पण माझं पातेलं या तर्कावर चाललंय.

रानातली पूजा अशी: कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोपी), तिला शाल किंवा साडी गुंडाळलेली, आत पाच दगडांचे पांडव. नैवेद्य दाखवला की घरातला एकजण आंबिलीचं बिंदगं (छोटी घागर) घेऊन पिकातून फिरणार आणि पाठोपाठ सगळे ओरडणार, "ओलगे ओलगे सालम पोलगे!" लहानपणी आम्ही घोषणेपेक्षा आंबिलीकडे डोळा ठेवून पळायचो. संध्याकाळी दूध उतू घालायचं. ज्या दिशेला उतू जाईल तिकडे पुढच्या साली पाऊस चांगला, असं आमच्याकडे धरतात. पांडव वनवासात रानातच राहिले म्हणून त्यांची पूजा रानात, एवढं स्पष्टीकरण आजीला पुरेसं होतं.

आंबील. ज्वारीचं पीठ आदल्या संध्याकाळी ताकात कालवून ठेवायचं. पुण्याच्या डिसेंबरच्या थंडीत ते रात्रभरात नीट आंबत नाही, म्हणून पातेलं जुन्या चादरीत गुंडाळून गॅसच्या बाजूला ठेवते. वर बारीक बुडबुडे आणि किंचित आंबूस वास, इतपत बास. सकाळी पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवायचं, पीठ काचेसारखं चमकू लागलं की उतरवायचं. पूर्ण गार झाल्यावरच उरलेलं ताक, ठेचलेला लसूण, जिरेपूड, मीठ, कोथिंबीर. गरमात ताक घातलं की फुटतं. यंदा मातीचं बिंदगं आणलंय. मातीतून पाणी झिरपून आंबील गार राहते आणि स्टीलपेक्षा चवीला खोल लागते, असं मला तरी वाटतं. शेजारणीला फरक कळला नाही, ते सोडा.

सोलाण्याबद्दल एक सूचना. पुण्यात सोललेला हिरवा हरभरा पिशवीत मिळतो, पण त्यात बरेचदा निबर दाणे मिसळलेले असतात. डहाळे घ्या, स्वतः सोला. घाट्यांवरचा तो आंबट चिकटा बोटांना लागतो, भज्जीआधीच तोंडाला पाणी सुटतं. गोठवलेल्या वाटाण्यावर भज्जी करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे जेवायला जात नाही.

उंडे जमायचे अजून बाकी आहेत. बाजरीचं पीठ गरम पाण्यात मळून, वाफवून केलेले गोळे, भज्जीत कुस्करून खायचे. माझे वरून चिरतात आणि आतून घट्ट राहतात. आत्याचे मऊ असूनही विरघळत नाहीत. पीठ ताजं दळलेलं हवं हे नक्की, कारण जुन्या बाजरीला कडवटपणा येतो. पाणी उकळतं घ्यायचं की कोमट, आणि कापडावर वाफवायचे की चाळणीत, हे निलंगा-औशाकडच्या कुणी सांगितलं तर पुढच्या खेपेला तसंच करून बघते.