मधलं कडं

सर दुकानात आले तेव्हा इंदूरात दोन दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती. प्लॅस्टिकच्या गोणीत गुंडाळलेला बीबीसी मायक्रो, म्हणजे जुना ब्रिटिश संगणक, सोबत त्याचा सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह. १९८४च्या सुमारास शाळांमधून संगणक शिकवायची सरकारी योजना आली, त्यातली ही मशीनं. सरांच्या शाळेनं भंगारात काढली तेव्हा सरांनी एक घरी नेलं. मला गणित त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे मजुरीचा विषयच नव्हता.

चालू करताच पॉवर सप्लायमधला फिल्टर कपॅसिटर फुटला आणि दुकानभर धूर झाला. या मशीनचं हे जुनंच दुखणं. कपॅसिटर बदलला की मिटतं. अडलं ते फ्लॉपीपाशी.

माझ्या माळ्यावर एक सीलबंद खोकं पडून होतं. १.२ एमबीच्या फ्लॉप्या, एचडी, म्हणजे हाय डेन्सिटी. मी ऐटीत काढून दिलं. सरांनी एक फ्लॉपी उजेडात धरली. "आमच्या फ्लॉप्यांना मधल्या भोकाभोवती कडं असायचं रे. हिला नाही."

"सर, या पुढच्या आहेत. त्याहून चांगल्या."

फॉरमॅट झाली, सरांनी पाढ्यांचा प्रोग्राम साठवला, यादीही पडद्यावर आली. चहा पिऊन ते रामबागेत घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन, डिस्क फॉल्ट. दुसरी फ्लॉपी घेतली, तीच गत.

मशीन परत दुकानात आणलं. लिहिणारा-वाचणारा हेड स्पिरिटनं पुसला, रिबन केबल बदलली, फिरण्याचा वेग तपासला. दुपार झाली तरी पत्ता लागेना. मग ते कडं आठवलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. सव्वापाच इंची डीडी, म्हणजे जुन्या डबल डेन्सिटी फ्लॉपीच्या लेपाला चुंबकत्व घ्यायला ३०० ओर्स्टेडच्या आसपास जोर लागतो, एचडीला त्याच्या दुप्पट. जुना ड्राइव्ह डीडीच्या बेतानंच करंट सोडतो. एचडीवर त्याचं लिखाण म्हणजे पाटीवर पाण्यानं काढलेली अक्षरं. साडेतीन इंचीत हा फरक थोडा असतो, तिथे एचडीच्या जादा भोकावर चिकटपट्टी लावून पुष्कळदा निभतं. तीच सवय मला नडली. आणि कडं बहुतेक डीडींनाच असतं, म्हणजे खूण सरांच्या हातात होती.

डीडी शोधायला मी सियागंजात गेलो. एका ओळखीच्या किराणा व्यापाऱ्याकडे जुन्या पीसीच्या हिशोबाच्या दहा फ्लॉप्या निघाल्या, ३६० केबीच्या, लेबलवर ४८ टीपीआय, म्हणजे इंचाला ४८ ट्रॅक, तबकडीवरच्या गोल रेघा. त्यानं पैसे घेतले नाहीत, अट घातली: "भिया, पहले सब हिसाब मिटा देना."

दुकानात येऊन एकेकीचं मधलं भोक बोटानं फिरवत खिडकीतून तबकडी पाहिली. सात जणींवर पांढुरकी बुरशी, लोणच्यावर येते तशी. अशी फ्लॉपी घातली की बुरशी हेडला चिकटते आणि मग पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. त्या सात बाजूला ठेवल्या. उरलेल्या तिघींवरून रंगीत टीव्हीसाठी ठेवलेली, चुंबकत्व पुसणारी डीगॉसिंग कॉइल गोल गोल फिरवली. व्यापाऱ्याची अट पुरी झाली आणि फ्लॉप्याही कोऱ्या झाल्या. ड्राइव्हच्या मागचा खटका ८० वरून ४० ट्रॅकवर आणला. याच ड्राइव्हनं ८० वर लिहिलं, तर रेघा दुप्पट दाटीनं उमटतात आणि ४०वाला ड्राइव्ह त्या वाचू शकत नाही.

या वेळी मी यादी पाहून समाधान मानलं नाही. फ्लॉप्या रात्रभर दुकानात ठेवल्या, सकाळी तिन्ही वाचून पाहिल्या, मगच सरांना बोलावलं.

सर पडद्याकडे बघत तोंडी हिशोब करायला लागले. "४० ट्रॅक, १० सेक्टर, २५६ बाइट. म्हणजे एका बाजूला १,०२,४०० बाइट. मग १.२ एमबीची काय गरज होती रे?"

मी गप्प. त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि लेबलवर लिहायला टेकवलं. टोकाच्या दाबानं आतली तबकडी खराब होते. मी त्यांचा हात धरला.

"सर, स्केचपेन."