बॅटरीपासून हातभर : आमची वाटचाल

दारव्हा तालुक्यात एखाद्या बोलेरोचं किंवा पिकअपचं बोनेट उघडलं, बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेल्या जाड लाल वायरवर हातभर अंतराच्या आत, म्हणजे दीड फुटात, फ्यूज दिसला आणि होल्डरवर अँपिअर व तारीख लिहिलेली चिठ्ठी दिसली, की समजावं, काम आमच्या दुकानाचं आहे. ही चिठ्ठी आमच्या दुकानाशिवाय इथे कोणी लावत नाही.

गाड्यांमध्ये डेक आणि स्पीकर बसवायचं आमचं दुकान सुरू झालं कॅसेटच्या काळात. पहिले कायमचे ग्राहक आमचे काकाजी. त्यांच्या काळी-पिवळ्या यवतमाळ रस्त्यावर चालायच्या. डेक बसवताना ते शेजारी उभे राहून प्रत्येक जोड बोटाने ओढून पाहायचे. एकही निसटला नाही, म्हणून ते टिकले. पुढे त्यांनी पिकअप घेतली आणि तिच्यासाठी वुफर, म्हणजे ठोक्याच्या आवाजाचा मोठा स्पीकर, मागितला. त्याला ताकद द्यायला वेगळा अॅम्प लागतो. माझ्या हातचं ते पहिलं अॅम्प्लिफायरचं काम.

त्या कामासाठी वायरच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टखाली आवळायची धातूची कडी, दाबून बसवणारा हायड्रॉलिक क्रिम्पर नागपूरहून आणला. दुकानाला पाटी नव्हती, पण क्रिम्पर होता. चार गेजच्या जाड वायरला लग साध्या पकडीने दाबला तर वरून घट्ट दिसतो, आत तारा मोकळ्याच राहतात. मग तो जोड तापतो, काळा पडतो आणि ग्राहक म्हणतो अॅम्प खराब आहे. क्रिम्परने दाबलेला लग दोन्ही हातांनी ओढला तरी सरकत नाही. त्यावर स्लीव्ह चढवून हीट गन फिरवली की काम झालं. आजही तो क्रिम्पर मी कुणाला उसना देत नाही.

नंतरची बरीच वर्षं नीट गेली. मग आला नोव्हेंबर २०१६. कापूस नुकताच घरात येऊ लागला होता आणि नोटाबंदी झाली. गिऱ्हाईक तसंही आटलं होतं. त्याच महिन्यात कापूस भरलेली एक पिकअप रस्त्यात पेटली. चालकाने उडी मारली म्हणून वाचला. गाडीच्या काचेवर आमचं स्टिकर होतं, कारण डेक आम्ही बसवला होता. वुफर आणि अॅम्प दुसऱ्या दुकानातून, आमच्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत बसवून घेतलेले होते. पण संध्याकाळपर्यंत तालुकाभर झालं की आमच्या वायरिंगने गाडी जळाली. ज्याने ते काम केलं तोच चहाच्या टपरीवर सांगत होता, “तिथं बसवा अन् गाडी पेटवून घ्या.” हे वाक्य मी विसरलेलो नाही.

दुकानात दिवसभर कोणी फिरकेना. हाताखालच्या पोरांना पगार द्यायला पतसंस्थेचं कर्ज काढलं. क्रिम्पर विकायला काढला, गिऱ्हाईकही ठरलं होतं. तेव्हा काकाजी आले आणि म्हणाले, “चाल, जळालेली गाडी पाहून येऊ.”

मालकाची परवानगी घेऊन आम्ही सांगाडा पाहिला. बॅटरीच्या लगपासून निघालेल्या वायरवर फ्यूज होल्डरच नव्हता. इंजिनच्या पत्र्याला ड्रिलने भोक पाडून वायर तशीच आत घातलेली, भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट नाही. खडबडीत रस्त्यावर पत्र्याच्या धारेने इन्सुलेशन कापलं आणि वायर बॉडीला चिकटली. बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर सोडते आणि वायर लाल होते. मागे कापूस. अॅम्पवरचा फ्यूज इथे कामाचा नसतो, कारण तो वायरच्या दुसऱ्या टोकाला असतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायर वाचवण्यासाठी आहे, हे अजूनही कितीतरी फिटरांना सांगावं लागतं.

आणखी एक गोष्ट दिसली. त्या वायरच्या जागी करड्या धातूचे गोळे पडले होते. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ लागतात. म्हणजे वायर तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची होती. आमच्या डेकच्या बारीक तारा मात्र काळ्या पडूनही तांब्याच्याच शिल्लक होत्या. मी मुलाम्याची वायर कधी विकली नाही. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध दीडपट असतो. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा.

बाजाराच्या दिवशी काकाजींनी स्वतःची पिकअप दुकानासमोर लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवलं. “जळाली ते वायर याच्या दुकानातली नोहे. माह्या गाडीचं बोनेट खोला अन् पाहा, फ्यूज हाय का नाई ते!” लोकांनी पाहिलं. क्रिम्पर विकला नाही. पण ज्याने बदनामी केली त्याने आजवर एक शब्दही मागे घेतलेला नाही, आणि त्याच्या गाड्या अजून फ्यूजशिवाय फिरतात.

आता कोणी विचारो न विचारो, एवढं सांगतोच. कामाला हात लावण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, जोडताना तो शेवटी जोडा. ५०० वॅट आरएमएसचा, म्हणजे सतत तेवढी ताकद देणारा, क्लास डी प्रकारचा अॅम्प पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला तांब्याची चार गेज आणि ६० चा फ्यूज. खोक्यावरचे २००० वॅट वाचून हिशेब करू नका. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि जमेल तितकी आखूड ठेवा. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळा, सीट बेल्टच्या बोल्टवर नाही. आरसीए केबल, म्हणजे डेकपासून अॅम्पपर्यंतची आवाजाची वायर, पॉवरच्या वायरच्या विरुद्ध बाजूने न्या, नाहीतर इंजिन वाढवलं की स्पीकरमध्ये शिट्टी येते.

अॅम्पवरचा गेनचा स्क्रू म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. वुफर सोडवून ५० हर्ट्झचा टोन लावा, मीटर एसीवर ठेवून अॅम्पच्या स्पीकरच्या टोकांना लावा आणि गेन हळूहळू वाढवा. दोन ओहमच्या (ओहम म्हणजे रोधाचं माप) वुफरवर ४०० वॅट हवे असतील तर २८ व्होल्टला थांबा. आमच्याकडचा मे महिना ४५ अंशांचा असतो. सीटखाली गालिचात गुंडाळलेला अॅम्प त्यात टिकत नाही. कापूस वाहणाऱ्या गाडीत त्याच्या फिन्समध्ये, म्हणजे गार ठेवणाऱ्या पट्ट्यांमध्ये, तंतू अडकतात, ते दर पंधरवड्याला ब्रशने काढा.

लग्नसराईत पोरं दोन वुफर घेऊन येतात, प्रत्येकात चार ओहमच्या दोन कॉईल, आणि म्हणतात सगळं पॅरलल जोडा. त्याचा एक ओहम होतो, अॅम्प दोन ओहमच्या खाली चालवायचा नसतो. मी नाही म्हणतो. काहीजण तिथूनच दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत. परत आले तर आधी बोनेट उघडून बॅटरीजवळ फ्यूज बसवतो, त्याचे पैसे घेत नाही, आणि मगच बाकीच्या कामाचं बोलतो.