तासाला दहा मिनिटं मागे

न्यू जर्सीहून इंदूरला पोचायला दीड दिवस लागला. रामबागेत आत्याकडे उतरलो, शेव-जिरावण घातलेले पोहे हाणले आणि तासाभरात अख्ख्या घराची वीज घालवली.

बायकोच्या हेअर ड्रायरची पिन चपटी, इथलं सॉकेट गोल भोकांचं. सोबत ॲडॅप्टर होताच. पिन बसली म्हणजे झालं, असं मी धरून चाललो. ड्रायर भेसूर किंचाळला, आतली तार लालभडक झाली, जळका वास सुटला आणि एमसीबी पडली.

‘‘ॲडॅप्टर नुसता पिनेचा आकार बदलतो रे दादा, व्होल्ट नाही,’’ आत्येभाऊ पोह्यांची बशी न सोडता म्हणाला. ‘‘तिकडे 120, इथे 230. आणि व्होल्ट दुप्पट झाले की वॉट जवळजवळ चौपट होतात. तुझा दीड हजारांचा ड्रायर साडेपाच हजार ओढायला गेला!’’

मग त्याने आमच्या बॅगा उपसल्या. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत 100-240V, 50/60Hz लिहिलेलं. ते बिनधास्त लावायचे. कॉफी मेकरवर नुसतंच 120V, त्यामुळे तो परत बॅगेत. आणि आतोबांसाठी आणलेलं जुनं, आकड्यांच्या पट्ट्या उलटणारं विजेचं घड्याळ? तेही 120 चंच.

संध्याकाळी विजेच्या सामानाच्या बाजारात, महाराणी रोडला गेलो. ‘‘कित्ते वॉट का हे भिया?’’ हा दुकानदाराचा पहिला प्रश्न, आणि तोच खरा. ड्रायरला पुरेल असा स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर उचलूनच कंबर धरली असती. त्यापेक्षा इथला नवा ड्रायर स्वस्त, तोच घेतला. घड्याळाला चारपाच वॉट लागतात, त्याच्यापुरता छोटा ट्रान्सफॉर्मर मिळाला.

रात्री आठला घड्याळ लावलं. सकाळी सहाला बघतो तर चार वीस!

घड्याळ बिघडलेलं नव्हतं. त्याची मोटर विजेच्या हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर चालते, अमेरिकेत 60, भारतात 50. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. म्हणून तासाला दहा मिनिटं मागे.

परत नेतो म्हटलं, तर आतोबा ऐकेनात. आता ते दिवाणखान्यात आहे. चहाच्या वेळी आतोबा त्यात बघतात, सहाने गुणतात, पाचाने भागतात आणि मग मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघतात.