उलटे बसवलेले भिंग

जुनी पितळी उपकरणे दुरुस्त करण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या काळात माझ्याकडे आलेल्या दुर्बिणींपैकी बहुतेक पाहण्यासाठी नव्हे, तर घरात शोभेसाठी ठेवलेल्या होत्या. ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे त्या दिवशी आलेली दुर्बीणही तशीच होती. तिच्या मालकांची मागणी मोजकी होती. ते म्हणाले, ‘‘आतून काहीच धड दिसत नाही, ते राहू द्या, तुम्ही फक्त पितळ चकचकीत करून द्या.’’

दुर्बीण टेबलावर ठेवायची होती. साधारण हातभर लांबीची पितळी नळी, तिच्या मध्याखाली गोल खांब आणि खांबाच्या तळाशी बिजागरीवर मिटणारे तीन बाकदार पाय, अशी तिची रचना होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशा दुर्बिणी सधन घरांच्या ग्रंथालयांत खिडकीजवळच्या टेबलावर ठेवल्या जात. म्हणजे दुर्बीण घराची शोभा झाली ती काही आजकाल नव्हे. फरक इतकाच, की त्या काळी शोभेच्या वस्तूतून दिसतही असे. त्याआधीच्या दुर्बिणींत पितळ फारसे नसायचे. हान्स लिपरशे या चष्मे बनवणाऱ्या कारागिराने 1608 मध्ये नेदरलँड्समधील हेगमध्ये दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यानंतर सुमारे दीड शतक नळ्या मुख्यतः लाकडाच्या किंवा कागदाच्या थरांच्या होत्या आणि त्यांवर चामडे अथवा चर्मपत्र चढवलेले असे. एकात एक सरकणाऱ्या, न डगमगणाऱ्या पितळी नळ्या अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाल्या.

मालक समोर असतानाच मी पुढच्या भिंगावर दिव्याचा प्रकाश पाडला आणि काचेतली दिव्याची प्रतिबिंबे मोजली. ती चार भरली. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग एक प्रतिबिंब देतो, त्यामुळे चार प्रतिबिंबांचा अर्थ दोन सुटी भिंगे असा होतो. केवळ सजावटीसाठी बनवलेल्या दुर्बिणीत बहुधा एकच भिंग असते आणि प्रतिबिंबे दोनच दिसतात. ज्याने इथे दोन भिंगे बसवली, त्याला या दुर्बिणीतून दिसावे असे वाटत होते. म्हणून पितळाला हात लावण्याआधी ती उघडून पाहण्याची परवानगी मी मागितली, आणि ती मिळाली.

नेत्रभिंगाजवळच्या नळीवर वळणदार अक्षरांत डॉलंड हे नाव आणि खाली लंडन असे कोरलेले होते. मालकांना त्या नावाचा अभिमान होता. मी अक्षरे भिंगाखाली पाहिली, तेव्हा दुसऱ्या ‘एल’नंतर जिथे ‘ओ’ हवा, तिथे ‘ए’ कोरलेला आढळला. लंडनचे भिंगकार जॉन डॉलंड यांना 1758 मध्ये दोन काचांच्या जोडभिंगाचे पेटंट मिळाले. 1761 मध्ये ते वारल्यावर त्यांचा मुलगा पीटर याने ते पेटंट इतर कारागिरांविरुद्ध न्यायालयात चालवले. खरे तर चेस्टर मूर हॉल या वकिलाने तशी भिंगे 1733 च्या सुमारासच करवून घेतली होती; पण त्याने ती लोकांपर्यंत नेली नव्हती, म्हणून 1766 च्या निकालात डॉलंडांचा हक्क टिकला. पुढे हे नाव इतके मोठे झाले, की दुसऱ्यांच्या दुर्बिणींवरही ते कोरले जाऊ लागले, कधी एखादे अक्षर बदलून. नाव खरे नसल्याचे मी मालकांना तिथेच सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. नाव खोटे म्हणजे वस्तू खोटी असे होत नाही, हे त्यांना पटवून देण्याजोगे त्या क्षणी माझ्या हाती काही नव्हते.

पुढच्या भिंगाची चौकट आट्यांवर घट्ट बसली होती. थोडे तेल मुरवून आणि हलकी ऊब देऊन ती सुटायला तासभर लागला. नळीच्या आत पाहिल्यावर माझा उत्साह वाढला, कारण आतली बाजू गर्द, निस्तेज काळी केलेली होती आणि ठरावीक अंतरांवर मधे भोक असलेल्या काळ्या चकत्या बसवल्या होत्या. भिंतीवरून परावर्तित होणारा नको असलेला प्रकाश त्या अडवतात. नळीच्या खालच्या अंगाला, खांबाच्या आड, झाळकामाची बारीक रेघ होती. पत्रा साच्यावर गुंडाळायचा, कडा झाळून जोडायच्या आणि मग ती नळी पोलादी छिद्रातून ओढून गोल व एकसारखी करायची, या जुन्या रीतीची ती रेघ होती. तो जोड कुणाच्या नजरेस पडू नये, इतकी काळजी कारागिराने घेतली होती.

मग भिंगे चौकटीतून काढली. ती काढताना बाहेरचे भिंग आतल्या भिंगावर किंचित डुलत होते, आणि तिथेच मला शंका आली. जोडभिंगात दोन वेगळ्या प्रकारच्या काचा असतात: पुढे क्राउन काचेचे फुगीर भिंग आणि मागे फ्लिंट काचेचे खोलगट. क्राउन काच प्रकाशाचे रंग जितके फाकवते, तितके फ्लिंट काच उलट दिशेने परत आणते, आणि तरीही प्रतिमा तयार होण्याइतका वाक शिल्लक राहतो. हे साधायचे, तर दोन्ही भिंगांची समोरासमोरची वक्रता नेमकी जुळावी लागते. भिंगांची कड पुसल्यावर दोन्हींवर पेन्सिलीच्या फिकट रेघा दिसल्या. घडवणारा कारागीर दोन्ही भिंगे एकत्र धरून कडेवर बाणाच्या टोकासारखी खूण काढतो, म्हणजे पुढच्या माणसाला ती कशी जुळवायची ते कळते. इथे बाणाचे टोक क्राउनवर होते. फ्लिंटवर बाणाचे दोन पाय होते, पण ते टोकाला मिळत नव्हते. जवळ यायला हवे होते तिथेच ते एकमेकांपासून दूर फाकले होते.

कधीतरी कुणीतरी काच पुसण्यासाठी भिंगे काढली होती आणि फ्लिंट उलटे बसवले होते. खोलगट बाजू मागे गेली, सपाटीकडे झुकणारी बाजू फुगीर क्राउनला टेकली, आणि चांगल्या दुर्बिणीतून त्या दिवसापासून नुसते धुके दिसू लागले. मग ती शोभेची झाली. मी फ्लिंट पालथे केले आणि हळूहळू फिरवले. रेघा मिळाल्या, खूण पूर्ण झाली, भिंग डुलायचे थांबले.

पितळाच्या कामाला मी शेवटी हात घातला आणि मागणी केल्याप्रमाणे ते केले नाही. त्या काळी पितळ घासून झाल्यावर किंचित तापवून त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात देत. रंगासाठी त्यात हळद किंवा केशर मिसळत. या दुर्बिणीवर त्या लाखेचा मधासारखा थर मोठ्या भागावर शाबूत होता. बाजारातले पॉलिश तो थर आणि कोरीव अक्षरांच्या कडा घासून टाकते. शिवाय अमोनिया असलेले पॉलिश ओढीव पितळाला चिरा पाडू शकते. मी फक्त धूळ व चिकटलेला मेणचटपणा काढला, प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी नळी पुढेमागे सरकवणाऱ्या दातपट्टीतले वाळलेले वंगण बदलले आणि वर मेणाचा अगदी पातळ हात दिला.

संध्याकाळी मालक आले, तेव्हा चकाकी दिसली नाही म्हणून थोडे नाराज झाले. मी दुर्बीण खिडकीकडे वळवली आणि दूरच्या इमारतीच्या गच्चीवरची तार दाखवली. ते वाकले, दातपट्टीचे चाक मागेपुढे फिरवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तारेवर पक्षी बसलाय, त्याची चोच दिसते आहे.’’ थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, ‘‘ते चुकीचे अक्षर खोडून टाकावे का?’’ मी नको म्हटले. ज्या कुणी हे काम केले, त्याने ते नाव कोरले होते, आणि ती खूण पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही असे मला मनापासून वाटते. ते पटल्यासारखे दिसले.

दुर्बीण पेटीत ठेवण्यापूर्वी मी एका जाड कागदावर भिंगांचा क्रम, फ्लिंटची खोलगट बाजू पुढे, आणि कडेच्या खुणेचे लहानसे चित्र काढून तो कागद पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवला.