त्रिकोण मोजत बसलेला माणूस

मित्राने मधाची बाटली दिली आणि वर ठासून सांगितलं, अरे प्युअर निलगिरीचा आहे. मला चवीवरून फूल ओळखता येत नाही, मध गोड लागतो इथपर्यंतच माझी झेप, पण मायक्रोस्कोप आहे आणि परागकण बघायचा नाद आहे, त्यामुळे म्हटलं बघूच.

कल्पना तशी सोपी आहे. माशी मकरंद ओढते तेव्हा फुलातले थोडे परागकणही पोटात जातात आणि तिथून मधात. परागकणाचं बाहेरचं कवच भयंकर चिवट असतं, मधात पडून त्याचं काही बिघडत नाही. आणि झाडागणिक ठेवण वेगळी, सूर्यफुलाचा कण म्हणजे काट्यांचा चेंडू, निलगिरीचा त्रिकोणी, पाईनच्या कणाला दोन बाजूंना दोन हवेचे फुगे. १८९५ मध्येच फिस्टर नावाच्या अभ्यासकाने मायक्रोस्कोपखाली मध बघून तो कुठून आला ते ओळखायचा उद्योग केला होता. या शास्त्राचं नाव मेलिसोपॅलिनॉलॉजी, एका दमात म्हणून दाखवा.

कृती अशी की १० ग्रॅम मध २० मिली कोमट पाण्यात विरघळवायचा, पाणी ४० डिग्रीच्या वर नको, मग सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे गरागरा फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रात, फिरवायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं, आणि गाळात साधं पाणी घालून परत एकदा फिरवायचं. हे परत फिरवणं मी आळशीपणाने टाळलं आणि चांगलीच फजिती झाली, गाळात साखर राहिली, स्लाइडवर चिकट थर, कण एकमेकांना चिकटून ढीग करून बसलेले, मोजणार काय डोंबल. दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. या वेळी नीट धुतलं, फुक्सिन नावाच्या गुलाबी रंगाने रंगवलं, ग्लिसरीन जेलीत बसवलं आणि ४०० पट मोठं करून बघितलं तर गुलाबी त्रिकोणच त्रिकोण. मित्र जिंकला असं वाटलं.

मग मोजणी. किमान ३०० कण मोजायचे, स्लाइड एका ओळीत सरकवत, एका हाताने फोकस आणि दुसऱ्याने कागदावर रेघा, आणि मधेच कोणी हाक मारली की आपण कुठे होतो ते गेलं. गवताचे कण दिसले तर ते हिशोबात धरायचे नाहीत, कारण गवत मकरंद देत नाही, ते वाऱ्याबरोबर आलेले पाहुणे. माझ्या ३०० मध्ये १७१ त्रिकोण निघाले, म्हणजे ५७ टक्के.

आता ढोबळ नियम असा की एका झाडाचे कण ४५ टक्क्यांच्या वर गेले की ते झाड मधात प्रमुख. पण खरी गंमत पुढेच आहे, परागकणांचे टक्के म्हणजे मकरंदाचे टक्के नव्हेत! चेस्टनटचे बारीक कण मधात इतके उदंड येतात की तिथे ९० टक्के दिसल्याशिवाय जाणकार त्याला चेस्टनटचा मध म्हणत नाहीत, आणि लिंबू-संत्र्याच्या मधात १०-२० टक्के कण असले तरी पुरतात. लॅव्हेंडिन नावाचं लॅव्हेंडरचं संकरित झाड तर जवळपास पराग देतच नाही, मकरंद मात्र भरपूर. त्यात माशीच्या मधपिशवीला एक झडप असते, ती वाटेतच कण गाळते आणि त्यात मोठे कण जास्त अडकतात. शिवाय पोळं पिळून मध काढला तर त्यात साठवलेला परागही उतरतो, मग आकडा काहीच्या काही फुगतो. म्हणून नुसता टक्का सांगून मोकळं होणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, तो कुठल्या झाडाचा टक्का आहे ते आधी सांगा.

निलगिरीही याच जास्त कण देणाऱ्या गटातली, त्यामुळे ५७ वर काही भागत नाही. आणि दुसरी अडचण, जांभूळ निलगिरीच्याच कुळातलं, त्याचाही कण त्रिकोणी, फक्त लहान. मी जांभळाच्या मोहोराची स्लाइड करून शेजारी ठेवली तेव्हा कळलं की माझ्या १७१ मधले बरेचसे त्रिकोण जांभळाचे असू शकतात. न्यूझीलंडचा मानुका मध तर यातच अडकलाय, मानुका आणि कानुका ही तिथली दोन जवळच्या नात्यातली झाडं, त्यांचे कण सारखेच दिसतात, म्हणून तिथल्या सरकारने निर्यातीसाठी चार रसायनं आणि डीएनए अशी चाचणी ठरवली.

आणि हो, भेसळ यातून पकडता येईल असं समजू नका. मधात साखरेचा पाक मिसळला तरी कण जागच्या जागीच असतात, त्याला आयसोटोपची टेस्ट लागते, म्हणजे साखरेतल्या कार्बनचे प्रकार मोजून ती कुठून आली ते बघायचं. उलट अगदी बारीक गाळलेल्या मधात कणच उरत नाहीत, मग तो कुठल्या फुलाचा ते या पद्धतीने सांगताच येत नाही.

बाटलीवर मी पेन्सिलीने 'मिश्र' लिहिलं आणि मित्राला स्लाइडचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, हे काय, सगळे त्रिकोणच तर आहेत!